तहान उन्हाची की साखरेची? घरच्या घरी ओळखायच्या मधुमेहाच्या खुणा

अण्णांची शुगर पहिल्यांदा तपासली तेव्हा आकडा निघाला 412.

परभणी जिल्ह्यातलं आमचं गाव. त्या वर्षी एप्रिलपासूनच ऊन असं तापलं होतं की दुपारी अंगणात पाय ठेववत नव्हता. अण्णा एकटे दिवसभरात निम्मा माठ रिता करायचे, पण त्याचं कुणाला काही वाटलं नाही. रात्री चारदा उठायचे. माय म्हणायची, ‘‘इतकं पाणी पिल्यावर उठावं लागणारच की.’’ बाजारच्या दिवशी रसवंतीवर दोन-दोन ग्लास उसाचा रस पिऊन यायचे, तरी तोंड कोरडंच. पेरणीच्या धांदलीत नांगरटीतून वर आलेलं धसकट पायाला लागलं आणि ती जखम दीड महिना भरली नाही. ग्रामीण रुग्णालयात बोटाला सुई टोचली तेव्हा सगळं उघडं पडलं. उजव्या पायाची करंगळी काढावी लागली.

आता त्या तीन महिन्यांचा हिशेब मांडते तेव्हा कळतं, की एकही खूण लपलेली नव्हती. आपल्या भागात मधुमेहाच्या प्रत्येक खुणेला एक तयार कारण असतं, एवढंच. तहान लागली तर ऊन. थकवा आला तर शेतातलं काम. वजन उतरलं तर पोरीच्या लग्नाची, नाहीतर सोयाबीनच्या भावाची काळजी. नजर कमी झाली तर वय. ही कारणं खोटी नसतात, म्हणूनच ती फसवतात. म्हणून या लेखात खुणा सांगतानाच, खूण आणि कारण वेगळं कसं करायचं तेही सांगते. त्यासाठी कोणता प्रश्न विचारायचा, काय मोजायचं आणि कुठं जायचं, ते क्रमानं घेऊ.

पहिली पायरी: तीन दिवस लघवी मोजा

सुरुवात तहानेपासून करू नका, लघवीपासून करा. रक्तातली साखर साधारण 180 मिलिग्रॅमच्या पुढं गेली की मूत्रपिंडाला ती सगळी परत रक्तात ओढून घेता येत नाही. उरलेली साखर लघवीत उतरते आणि जाताना सोबत पाणी ओढून नेते. शरीर कोरडं पडतं आणि मग तहान लागते. म्हणजे मायचं म्हणणं नेमकं उलटं होतं. अण्णांना पाणी पिल्यामुळं लघवी होत नव्हती. लघवीवाटे पाणी जात होतं म्हणून ते सारखं प्यावं लागत होतं.

उन्हाची तहान आणि साखरेची तहान इथंच वेगळी काढता येते. उन्हात राबणाऱ्या माणसाचं पाणी घामावाटे जातं. त्याला तहान भरपूर लागते, पण लघवी कमी होते आणि पिवळी होते. साखर वाढलेल्या माणसाला तहानही भरपूर आणि लघवीही भरपूर. ती पाण्यासारखी फिकट असते आणि प्रत्येक वेळी जास्त होते. मे महिन्यात शेतातून आलेला माणूस रात्री तीन-चारदा उठून भरपूर लघवी करत असेल, तर ते ऊन नव्हे.

भिंतीवरच्या कॅलेंडरवर तीन रात्री लिहून ठेवा: झोपल्यानंतर किती वेळा उठलं आणि दिवसभरात किती तांबे पाणी लागलं. पूर्वी एकदाही न उठणारा माणूस दोनदा-तीनदा उठायला लागला, तर हा बदल महत्त्वाचा. वयस्कर पुरुषांना प्रोस्टेटमुळंही रात्री उठावं लागतं. पण त्यांची लघवी थोडी-थोडी होते, धार बारीक असते, झाल्यावरही मोकळं वाटत नाही. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही लघवी वाढते, त्यामुळं कोणत्या गोळ्या चालू आहेत तेही बघा. खात्री होत नसेल तर वाद घालत बसू नका, रक्त तपासा.

मधुमेह हा शब्दच मधासारख्या गोड लघवीवरून आला. लघवीला मुंग्या लागतात हे आपल्या जुन्या वैद्यांनी लिहून ठेवलं आहे आणि गावात ते आजही सांगतात. पण मुंग्यांची वाट बघू नका. साखर लघवीत उतरेपर्यंत ती रक्तात बऱ्यापैकी वाढलेली असते आणि आजार त्याच्या कितीतरी आधी सुरू झालेला असतो.

एक गोष्ट तळमळीनं सांगते. अशी तहान लागली असताना उसाचा रस, थंड पेयाची बाटली, साखरेचं लिंबूपाणी देऊ नका. तहान भागवायला रस, रसानं साखर वर, साखरेनं लघवी आणि लघवीनं पुन्हा तहान, या चक्रात अण्णा पूर्ण दोन महिने फिरत होते. माठातलं पाणी किंवा साखर न घातलेलं ताक द्या.

दुसरी पायरी: वजन आणि भूक शेजारी-शेजारी ठेवा

काळजीनं वाळलेल्या माणसाचं जेवणही कमी होतं. साखरेनं वाळणारा माणूस पूर्वीइतकंच खातो, कधी एक भाकरी जास्तच खातो, आणि तरी उतरत जातो. कारण खाल्लेलं अन्न साखर होऊन रक्तात फिरतं, पण पेशींच्या आत जात नाही. मग शरीर स्वतःची चरबी आणि स्नायू जाळायला लागतं. ‘‘खातोय तर चांगलं, पण अंगाला लागत नाही,’’ हे वाक्य घरात ऐकू आलं की कान टवकारा.

घरी वजनकाटा नसेल तर कपडे बघा: पट्ट्याचं भोक, ब्लाउजची शिवण, बोटातली सैल झालेली अंगठी. दवाखान्यात, पिठाच्या गिरणीवर किंवा आडतीवर काटा असतोच. पंधरा दिवसांच्या अंतरानं त्याच काट्यावर दोनदा वजन करा. सहा महिन्यांत काही न करता साठ किलोच्या माणसाचे तीन किलो कमी झाले, तर तपासणीला एवढं कारण पुरे. सोबत दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर साखर आणि टीबी दोन्ही तपासा. मधुमेह असलेल्याला टीबीचा धोका दोन-तीन पट असतो, म्हणूनच टीबीच्या रुग्णाची साखर तपासण्याची सरकारी पद्धत आहे.

थकव्याचं मात्र असं चटकन वेगळं काढता येत नाही. कष्टाचा थकवा रात्रीच्या झोपेनं उतरतो. साखरेचा थकवा सकाळी उठतानाही अंगातच असतो, आणि जेवण झाल्यावर गुंगी येते. तरी नुसत्या थकव्यावरून काही ठरवू नका. आपल्याकडं बायकांच्या थकव्यामागं रक्त कमी असणं हे कारण फार वेळा असतं.

आणि ‘‘तो तर काडीसारखा आहे, त्याला कशाची शुगर,’’ हे बोलणं सोडा. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी याच गोष्टीकडं जगाचं लक्ष वेधलं. त्यांनी एका इंग्रज सहकाऱ्यासोबत स्वतःची तुलना प्रसिद्ध केली होती. दोघांचा उंची-वजनाचा निर्देशांक सारखाच, 22.3, पण शरीरातली चरबी एकाची सुमारे 9 टक्के, तर याज्ञिकांची 21 टक्के. आपली माणसं वरून बारीक दिसतात आणि चरबी पोटात साठते. म्हणून वजनापेक्षा कंबर मोजा. शिंप्याची टेप बेंबीच्या पातळीवर धरा, पोट आत ओढू नका. पुरुषाची 90 सेंटिमीटरच्या पुढं आणि बाईची 80 च्या पुढं गेली, तर धोका वाढलेला आहे.

तिसरी पायरी: डोळे, पण चष्मा करायच्या आधी

साखर वर-खाली झाली की डोळ्यातल्या भिंगात पाण्याचं प्रमाण बदलतं आणि नजर धूसर होते. याची ओळख म्हणजे ती बदलत राहते. सोमवारी एसटीची पाटी वाचता येते, गुरुवारी येत नाही. मोतीबिंदूची किंवा वयाची नजर हळूहळू उतरते, अशी आठवड्यात मागंपुढं होत नाही. अशी नजर असेल तर आधी साखर तपासा. साखर वाढलेली असताना काढलेला नंबर साखर आटोक्यात आल्यावर बदलतो आणि चष्म्याचे पैसे वाया जातात.

चौथी पायरी: ज्याबद्दल बोललं जात नाही ते विचारा

बायकांना जांघेत आणि खालच्या भागात खाज, पांढरं जाणं, मलम लावलं की तात्पुरतं बरं आणि महिन्यानं पुन्हा. पुरुषांना शिश्नाच्या पुढच्या कातडीला चिरा, लाली, खाज. लघवीतल्या साखरेवर बुरशी पोसते, म्हणून हे होतं. कितीतरी जणांमध्ये हीच पहिली खूण असते, पण लाजेपोटी सांगितली जात नाही. दुकानातून ट्यूब आणून लावतात आणि वर्ष निघून जातं. घरातल्या सासूनं सुनेला, बहिणीनं बहिणीला हे स्पष्ट विचारावं. वर्षात दोनपेक्षा जास्त वेळा असं झालं, तर मलमाच्या आधी रक्ताची चिठ्ठी मागावी.

वारंवार येणारी केस्तुडं, हिरड्यांतून रक्त येऊन दात हलणं, लघवीला पुन्हा-पुन्हा होणारी जळजळ ही त्याच माळेतली. जखमेचंही तसंच. आपल्याकडं विळा, कोयता, धसकट, बाभळीचा काटा हे रोजचं, जखम होणारच. प्रश्न एकच विचारा: किती दिवसांत भरली? छोटी जखम दोन आठवड्यांत भरायच्या वाटेला लागली नाही, तर हळद-तेल लावत बसू नका.

मानेच्या मागं, काखेत काळपट, जाडसर, मखमलीसारखी घडी दिसते, ती नीट बघा. आया ती मळ समजून पोरांची मान वजरीनं घासतात आणि पोराला रडवतात. तो मळ नसतो. शरीर इन्सुलिनला दाद देईनासं झाल्याची ती खूण असते, आणि ती साखर वाढण्याच्या आधी दिसू शकते. म्हणून मला ती सगळ्यात मोलाची वाटते. अंगानं भरलेल्या दहा-बारा वर्षांच्या लेकराच्या मानेवर ती दिसली तर डॉक्टरांना जरूर दाखवा.

पाचवी पायरी: पाय, दोन मिनिटांत

पायाला मुंग्या येणं, रात्री तळव्यांची आग, कापसावर चालल्यासारखं वाटणं हे सगळ्यांना माहीत असतं. पण सगळ्यात घातक पाय तो, जो दुखतच नाही. अण्णांच्या पायात धसकट घुसलं ते त्यांना संध्याकाळी रक्त बघून कळलं. चालताना पायातली चप्पल निघून गेली आणि दहा पावलं कळलं नाही, असं कुणी हसत-हसत सांगितलं तरी ते हसण्यावारी नेऊ नका.

घरी करायची चाचणी सोपी आहे. माणसाला झोपवा, डोळे मिटायला सांगा. तुमच्या तर्जनीचं टोक त्याच्या पायाच्या अंगठ्यावर, मधल्या बोटावर आणि करंगळीवर एकेक-दोन सेकंद अलगद टेकवा. दाबू नका, टोचू नका, घासू नका. दोन्ही पायांची मिळून सहा बोटं झाली. जाणवलं की त्यानं उजवा का डावा ते सांगायचं. सहापैकी दोन किंवा जास्त बोटांचा स्पर्श कळला नाही, तर पायाची जाणीव कमी झाली आहे असं धरा आणि दवाखाना गाठा. मधुमेह असलेल्या प्रत्येकानं रोज रात्री तळपाय आरशात किंवा नातवाकडून बघून घ्यावा.

सहावी पायरी: काहीच होत नसेल तरी

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे आकडे 2023 मध्ये आले. देशात सुमारे 10.1 कोटी लोकांना मधुमेह आणि आणखी 13.6 कोटी त्याच्या उंबरठ्यावर. उंबरठ्यावरच्या बहुतेकांना काहीही त्रास होत नसतो, आणि मधुमेह झालेल्यांतही वर्षानुवर्षं काही न जाणवणारे पुष्कळ असतात.

म्हणून तीस वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकानं एकदा तपासायचंच. गावात आशाताई एक फॉर्म भरून घेतात: वय, तंबाखू, दारू, कंबर, हालचाल, आई-वडिलांचा आजार. त्यात चारपेक्षा जास्त गुण आले तर तपासणीला प्राधान्य मिळतं. त्यांना ‘‘आमचं सगळं बरं हाय’’ म्हणून दारातून परत पाठवू नका. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांनी दिवाळीच्या सुमारास, टोळी निघायच्या आधीच तपासून घ्यावं. फडावर गेल्यावर पाच-सहा महिने दवाखाना हाताशी नसतो, आणि कोयत्याच्या जखमा तिथंच होतात.

गुडघेदुखीसाठी मिळणाऱ्या ‘एका दिवसात आराम’वाल्या पुड्या आणि इंजेक्शनांमध्ये स्टेरॉइड असू शकतं आणि त्यानं साखर चढते. असं काही घेत असाल तर डॉक्टरांपासून लपवू नका.

गरोदर बाईचं वेगळं. तिला काही लक्षण असो-नसो, नाव नोंदवतानाच आणि पुन्हा 24 ते 28 आठवड्यांच्या दरम्यान 75 ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून पाजून दोन तासांनी साखर बघतात. त्यासाठी उपाशी राहावं लागत नाही. आकडा 140 किंवा वर आला तर तो गरोदरपणातला मधुमेह. बाळंतपणानंतर साखर उतरली तरी अशा बाईला पुढं मधुमेह होण्याची शक्यता जास्त असते. बारशाच्या गडबडीत ही गोष्ट विसरली जाते. सहा आठवड्यांनी आणि मग दरवर्षी तिची तपासणी करा.

सातवी पायरी: तपासणी नीट करून घ्या

उपाशीपोटीच्या तपासणीसाठी आठ तास काही खायचं नाही. साधं पाणी चालतं. आपल्याकडं गडबड होते ती बसस्टँडवर. पहाटेची एसटी पकडून तालुक्याला उतरायचं आणि ‘नुसता चहा’ घ्यायचा. साखरेचा चहा म्हणजे उपास मोडला. तपासणी होईपर्यंत चहा नाही. जेवणानंतरची तपासणी पहिल्या घासापासून दोन तासांनी करतात, शेवटच्या घासापासून नव्हे.

आकडे असे वाचा. उपाशीपोटी 100 च्या खाली ठीक, 100 ते 125 उंबरठा, 126 किंवा जास्त म्हणजे मधुमेह. 75 ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी 140 च्या खाली ठीक, 200 किंवा जास्त म्हणजे मधुमेह. तीन महिन्यांच्या सरासरीची तपासणी, म्हणजे एचबीएवनसी, 5.7 च्या खाली ठीक आणि 6.5 किंवा जास्त म्हणजे मधुमेह. वरच्या खुणा असताना कधीही काढलेली साखर 200 किंवा वर आली, तरी निदान होतं. काही त्रास नसताना एकच आकडा वाढलेला आला, तर पक्कं करायला दुसरी तपासणी करतात. रक्त कमी असेल तर एचबीएवनसी फसवू शकते. तेव्हा उपाशीपोटीचा आकडा सोबत हवा.

ग्लुकोमीटरवर बघत असाल तर आधी हात साबणानं धुऊन कोरडे करा. आंबा खाल्लेल्या बोटाचं रक्त खोटी साखर दाखवतं. पट्ट्यांची डबी पत्र्याच्या घरात खिडकीशी ठेवली तर उन्हाळ्यात पट्ट्या खराब होतात. बहुतेक पट्ट्यांना 30 अंशांच्या आतली कोरडी जागा लागते. मशीनवर निदान करायचं नाही, त्यानं फक्त शंका पक्की होते. निदान लॅबच्या रक्तावर. प्राथमिक आरोग्य केंद्रात, ग्रामीण आणि जिल्हा रुग्णालयात ही तपासणी होते. त्यासाठी थेट लातूर-संभाजीनगर गाठायची गरज नाही.

निदान झालं की गूळ चालतो, मध चालतो, असं सांगणारे भेटतील. गुळानंही साखर वाढते. जांभळाच्या बियांची पूड घ्यायची असेल तर डॉक्टरांना सांगून घ्या, पण तिच्या भरवशावर गोळी बंद करू नका. पहिल्याच महिन्यात रक्तदाब, मूत्रपिंड, डोळ्याचा पडदा आणि पाय तपासायला सांगा. हे आपणहून मागावं लागतं.

जिथं उद्यावर टाकायचं नाही

लहान मुलांचा मधुमेह वेगळा असतो. तो काही आठवड्यांत, कधी काही दिवसांत चढतो. अंथरूण ओलं करणं सोडलेलं लेकरू पुन्हा ओलं करायला लागलं, सारखं पाणी मागतंय, आठवड्या-दोन आठवड्यांत वाळलं, तर त्याच दिवशी साखर बघा. त्यात उलट्या, पोटदुखी, खोल आणि जोराचा श्वास, तोंडाला पिकल्या फळासारखा वास आणि गुंगी आली, तर ते बाहेरचं नाही आणि नुसतं पोट बिघडलेलंही नाही. लगेच 108 ला फोन करा. अशा मुलाला इन्सुलिनच लागतं. मोठ्या माणसाला साखर फार वाढून असंबद्ध बोलणं, गुंगी, सारख्या उलट्या सुरू झाल्या किंवा पायाची जखम काळी पडून वास यायला लागला, तरी तेच करा.

अण्णा दवाखान्यात असताना डॉक्टरांनी त्यांच्या भावा-बहिणींची आणि आम्हा सगळ्यांची तपासणी करायला सांगितली. आत्या मानवतहून त्यांना भेटायला आली होती. तिला ना तहान, ना खाज, ना थकवा. ‘‘मला काय धाड भरलीय,’’ म्हणत तिनं बोट पुढं केलं. मशीनवर जास्त आलं म्हणून दुसऱ्या दिवशी चहा न घेता लॅबला गेली. उपाशीपोटी 148, एचबीएवनसी 7.4. त्याला आता सहा वर्षं झाली. दोन गोळ्या आणि रोज पहाटे गावाबाहेरच्या मारुतीपर्यंतची चाल तिनं सोडलेली नाही. मागच्या महिन्यात डोळ्याचा पडदा तपासला, स्वच्छ आहे. दोन्ही पायांची सहाच्या सहा बोटं तिला कळतात.